सातवीत अल्जिब्रा वन: लेकीला घालावं की थांबावं?

गवतीचहा

मंडळी, सल्ला हवाय. आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. लेक सहावीत, ॲडव्हान्स्ड मॅथला आहे. थंडीत शाळेने आयोवा अल्जिब्रा ॲप्टिट्यूड टेस्ट घेतली, त्यात तिला ९३ पर्सेंटाइल आले. शाळेचं पत्र म्हणतं की ९१ किंवा जास्त असतील आणि मे महिन्यात सातवीच्या एसओएलला (म्हणजे राज्याच्या वर्षअखेरीच्या परीक्षेला) ५०० मिळाले, तर पुढच्या वर्षी मॅथ ७ ऑनर्सऐवजी थेट अल्जिब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला कोर्स, घेता येईल. सोबत फॉर्म आहे. हो किंवा नाही, खाली पालकांची सही. पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, चालून आलंय तर नाही कशाला म्हणायचं. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. तिला गणित आवडतं, यात शंका नाही. पण गृहपाठात उत्तर चुकलं की ती ते खोडते, परत लिहिते, परत खोडते, अगदी कागदाला भोक पडेपर्यंत. परवा वही तशीच दप्तरात कोंबली आणि म्हणाली, "मला येतच नाही." त्याच्या जरा आधी तेच गणित तिने धाकट्या भावाला समजावून सांगितलं होतं!

तिला विचारलं तर खांदे उडवते. रविवारी मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये सगळ्या आयांचा एकच विषय, कुणाला किती पर्सेंटाइल. तिथे "आमचं अजून ठरलं नाही" म्हटलं तर अशा बघतात, जणू मी पोरीचं नावच शाळेतून काढतेय.

ज्यांनी हे केलंय किंवा मुद्दाम टाळलंय, त्यांनी प्लीज लिहा.

पावशेर

घाला हो बिनधास्त. माझा मुलगा सातवीत अल्जिब्रा घेऊन आता नववीत अल्जिब्रा टू करतोय, काही बिघडलं नाही. ९३ आलेत म्हणजे मुलगी तयार आहे, शाळा उगाच पत्र पाठवत नाही. शिवाय टीजेचा, म्हणजे इथल्या त्या निवडक सायन्स-टेक्नॉलॉजी हायस्कूलचा, विचार असेल तर आत्तापासूनच पाया घालायला हवा. इथली शाळा तशी संथच असते. आपण सातवीत असताना याच्या दुप्पट करत होतो.

सोनटक्का

मी शेजारच्याच काउंटीत, मुलगा पाचवीत, म्हणजे पुढच्या वर्षी माझाही हाच धागा निघणार. एक भाबडा प्रश्न. "नाही" म्हटलं तर सहावीत झालेलंच सातवीत परत करायला लावतात का? आमच्या ओळखीत सगळे तसंच सांगतात.

खडूस_काका

पुण्यातून बोलतोय. आमच्या सोसायटीत सहावीच्या पोराला आयआयटी फाउंडेशन लावलंय. शनिवार-रविवार चार-चार तास. ते पोर लिफ्टमध्ये भेटतं तेव्हा उभ्या उभ्या झोपलेलं असतं. तुम्ही निदान फॉर्म भरताना विचार तरी करताय. इथे चेक आधी फाटतो.

आडवाटेने

मी व्हर्जिनियातल्याच एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. काउंटी सांगत नाही, पालक इथेही असतात.

सोनटक्का, तो गैरसमज आहे. फेअरफॅक्सच्या ॲडव्हान्स्ड सहावीत मुलं सातवीची एसओएल देतात, आणि मॅथ ७ ऑनर्सला आठवीचा अभ्यासक्रम होऊन आठवीची एसओएल असते. त्यामुळे फॉर्मवर "नाही" लिहिलं तरी मुलगी एक वर्ष पुढेच चालते. अल्जिब्रा वन आठवीत, जॉमेट्री नववीत, अल्जिब्रा टू दहावीत, मग प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस. सातवीत अल्जिब्रा घेतला तर ही सगळी माळ एकेक वर्ष अलीकडे सरकते आणि बारावीत मल्टिव्हेरिएबल किंवा स्टॅटिस्टिक्स असं काहीतरी शोधावं लागतं. खरा प्रश्न एक वर्ष पुढे की दोन वर्षं पुढे, एवढाच आहे. पार्किंगमधल्या चर्चेत तो "ॲडव्हान्स्ड की ढ" असा होऊन बसतो.

पावशेर, टीजेला अर्ज करायला आठवीत अल्जिब्रा वन चालू असला तरी पुरतं. तिथली प्रवेशपरीक्षा २०२० मध्येच बंद झाली. आता जीपीए (ग्रेड्सची सरासरी) किमान ३.५ लागतो, निबंध असतात, आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा त्या शाळेला ठेवलेल्या असतात. त्यावर कोर्टकज्जे झाले, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. तेव्हा टीजेसाठी म्हणून सातवीत घाई करणाऱ्यांनी एकदा नियम वाचावेत.

गवतीचहा, आता कुणी सहसा न सांगणारी गोष्ट. अल्जिब्रा वन हा हायस्कूलचा कोर्स आहे, मूल कितवीतही असो. त्याची ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढते आणि जीपीएत धरली जाते. बाराव्या वर्षी मिळालेला सी कॉलेजच्या अर्जाबरोबर जातो. व्हर्जिनियात पालकांना मिडल स्कूलमध्ये घेतलेला असा कोर्स ट्रान्स्क्रिप्टवरून काढून टाकायची विनंती करता येते. मुदत काउंटी ठरवते. पण मग क्रेडिटही जातं आणि कोर्स परत करावा लागतो. कौन्सेलरला हे दोन्ही विचारा, उत्तर ईमेलवर मागा. नियम सारखे बदलत असतात, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि पर्सेंटाइलचं म्हणाल, तर सप्टेंबरमध्ये वर्गात कोण तरेल हे मला त्यावरून कळत नाही. ते कळतं अपूर्णांकांवरून आणि ऋण चिन्हांवरून. −(क्ष − ३) चं −क्ष − ३ करणारं मूल सप्टेंबरात हुशारच असतं आणि मे महिन्यातही हुशारच असतं, पण मधल्या काळात त्याने प्रत्येक समीकरण तिथेच घालवलेलं असतं.

पावशेर

ताई, नियमांचं मान्य. पण मुलांना पुढे नेल्याने नुकसान होत नाही हे संशोधनाने सिद्ध झालंय. जॉन्स हॉपकिन्सच्या ज्युलियन स्टॅनलींनी १९७१ पासून गणितात हुशार मुलं निवडून त्यांचा अभ्यास सुरू केला, तो पुढे कित्येक दशकं चालला. पुढे नेलेली मुलं उत्तम निघाली. मग आपण कशाला घाबरायचं?

आडवाटेने

बरोबर आहे. फक्त ती मुलं कशी निवडली तेही सांगा. बारा-तेराव्या वर्षी त्यांना एसएटी द्यायला लावली होती, कॉलेजला जाणाऱ्या मुलांची, आणि त्यात जी वर आली ती घेतली. त्यांना सातवीच्या वर्गात बसवून ठेवणं हा खरोखर अन्याय होता. ९३ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली सात मुलं साधारण त्याच पातळीवर किंवा वर. छान आहे, पण स्टॅनलींच्या मुलांची जात वेगळी.

कढीपत्ता

आम्ही शार्लटला. नॉर्थ कॅरोलायनात गंगा उलटी वाहते. २०१८ पासून इथे कायदाच आहे. तिसरीपासून पुढे वर्षअखेरीच्या गणिताच्या परीक्षेत सगळ्यात वरची पातळी मिळाली की पुढच्या वर्षी मुलाला ॲडव्हान्स्ड गणितात बसवायचंच. पालकांनी लेखी नको म्हटलं तरच सुटका. टेक्सासने २०२३ मध्ये तसाच कायदा केला, पाचवीत वरच्या ४० टक्क्यांत आलेली मुलं सहावीत आपोआप ॲडव्हान्स्डला. कारण साधं आहे. शिक्षकाच्या शिफारशीवर सोडलं की ज्या मुलांसाठी भांडायला घरी कुणी नाही ती मागे राहतात, गुण असूनसुद्धा. आपल्यासारख्यांची काळजी कुणी करायला नको. आपण ईमेल करून करून मुख्याध्यापकांचा जीव खातो.

पण याच शार्लटची दुसरी गोष्ट ऐका. २००२-०३ च्या सुमारास शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टने मध्यम गुणांच्या मुलांनाही मोठ्या संख्येने आठवीत अल्जिब्राला बसवलं. हेतू चांगला होता. नंतर क्लॉटफेल्टर, लॅड आणि विग्डोर या अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांचे निकाल तपासले. घाईने पुढे गेलेल्यांना अल्जिब्राच्या परीक्षेत तशाच, पण एक वर्ष थांबलेल्या मुलांपेक्षा कमी गुण होते, आणि पुढच्या कोर्समध्येही त्या घाईचा फायदा दिसला नाही. म्हणजे एकच वर्ग एकाला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो. तुमची मुलगी यातली कुठली, हे मात्र कुठलाही पेपर सांगणार नाही.

धुकेरी

सॅन फ्रान्सिस्कोहून सलाम. तुमच्याकडे निवडायला काहीतरी आहे हेच भाग्य. आमच्या डिस्ट्रिक्टने २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्राच काढून टाकला, सगळ्यांनी नववीत एकत्र करायचा म्हणून. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बाहेर ऑनलाइन कोर्स करून घेतले, बाकीचे बसले. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, आठवीत अल्जिब्रा परत आणा म्हणून शहराने मतदान केलं. बंधनकारक नव्हतं, तरी ८० टक्क्यांच्या वर लोकांनी हो म्हटलं. बाकी काही नाही, आपली भडास काढली.

खडूस_काका

ते सगळं ठीक आहे, पण सातवीत बीजगणित म्हणजे एवढं काय आकाश कोसळलं? आमच्या वेळी सातवीत सर्रास समीकरणं सोडवायचो. अमेरिकेत गेलं की साधी गोष्टही "ॲडव्हान्स्ड" होते.

पाटीपेन्सिल

काका, रागावू नका, पण तुमची आठवण जरा सुधारते. माझा उभा जन्म सांगलीच्या शाळेत गणित शिकवण्यात गेला. मुलगा-सून न्यू जर्सीत असतात, नातवाच्या निमित्ताने हा अल्जिब्रा वन मी पहिल्या पानापासून वाचला आहे. आपल्या बालभारतीत सातवीला बैजिक राशींची बेरीज-वजाबाकी आणि एका चलातली साधी समीकरणं येतात. बैजिक राशींचे अवयव आठवीला. दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीला. वर्गसमीकरणे दहावीला. यांच्या अल्जिब्रा वनमध्ये हे सगळं एका वर्षात आहे, वर आलेख आणि फलन आहेच. सातवीतल्या मुलीपुढे आपली आठवी, नववी आणि दहावीचा बराचसा भाग एकदम येतो. तेव्हा "आपण दुप्पट करत होतो" हे पावशेर यांचं म्हणणंही जरा बेताने घ्यावं.

गवतीचहा, तुमच्या मुलीबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की गुणांवरून काही ठरवू नका, गुण चांगलेच आहेत. आमच्या वेळच्या चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपला मी मुलं बसवायची. यादीत येणाऱ्यांत दोन तऱ्हा असत. काहींनी उदाहरणांचे प्रकार घोटलेले असत. काहींना प्रश्नाशी खेळायला आवडे. कागदावर दोघांचे गुण सारखे. फरक दिसायचा तो अनोळखी प्रश्न समोर आला की. पहिला लगेच विचारायचा, "बाई, हे कुठल्या प्रकारातलं?" दुसरा गप्प बसायचा.

तिला तीन प्रश्न घाला. परीक्षा म्हणून नको, सहज.

एक. डब्यातले २/५ लाडू संपले. उरलेल्यातले निम्मे शेजारी दिले. आता ९ उरले. आधी किती होते? जमेल तसं सोडवू दे. मग म्हणा, आता हेच क्ष धरून लिही.

दोन. म ही कोणतीही संख्या आहे. तर −म ही ऋण असणारच का?

तीन. ३(क्ष + ४) = ३क्ष + १२. क्ष किती? आणि त्याच्याच खाली क्ष + ४ = क्ष + ७, इथे क्ष किती?

तुम्ही तिच्या मागे उभं राहायचं नाही, चूक दिसली तरी "हं" सुद्धा म्हणायचं नाही. बाबांनी शक्यतो बाहेर फिरून यावं. उत्तरं बरोबर आली का हे मला कळवू नका. ती काय काय करते ते कळवा.

गवतीचहा

बाई, तुमचे खूप आभार. सगळ्यांचेच. तो ट्रान्स्क्रिप्टचा मुद्दा तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हता.

काल संध्याकाळी बसवलं. नवऱ्याला कॉस्टकोला पिटाळलं.

लाडवांच्या गणिताला तिने एक लांबट चौकट काढली, तिचे पाच भाग केले, दोन काळे केले. उरलेल्या तीन भागांच्या मधोमध आडवी रेघ मारली, वरच्या पट्टीवर "शेजारी" लिहिलं. खालच्या पट्टीत तीन अर्धे खण राहिले, प्रत्येकात ३ लिहिले. मग म्हणाली, अर्ध्यात तीन तर पूर्ण खणात सहा, पाच खण, तीस. पेन्सिल एकदाही थांबली नाही. मी खूश.

मग म्हटलं आता क्ष धर. तिने लिहिलं: क्ष − २/५ = आणि थांबली. मग बाजूला ÷ २, मग = ९. मग खोडलं. परत तेच लिहिलं. परत खोडलं. "माझं उत्तर आलंय ना, मग हे कशाला?" मी तुमच्या आज्ञेप्रमाणे ओठ शिवून बसलेले.

तिसरा प्रश्न बघून म्हणाली, "प्रिंटिंग मिस्टेक आहे." पहिल्यात काहीही घातलं तरी बरोबर येतंय हे तिला दोन-तीन आकडे घालून दिसलं, पण "उत्तर एकच असायला पाहिजे ना" म्हणून वैतागली. दुसरं समीकरण "असं असूच शकत नाही" म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या प्रश्नाला ताडकन "हो, पुढे मायनस आहे ना." आणि उठून गेली. हे झालं साडेसहाला. रात्री दात घासता घासता ब्रश तोंडात धरून बाहेर आली. "आई, म च मायनस असेल तर? आणि शून्य असेल तर?" फेस माझ्या गालिच्यावर.

आता यातून काय समजायचं ते तुम्हीच सांगा. मला तर सगळं सारखंच वाटतंय, येतंही आणि येत नाहीही.

पाटीपेन्सिल

मला तुमची लेक फार आवडली.

क्ष − २/५ ही चूक खूप जुनी आहे. "दोन पंचमांश" कशाचे, हे चित्रात तिला दिसतं, अक्षरात दिसत नाही. चौकटीत तिने पूर्णाचे पाच भाग केले, समीकरणात नुसता २/५ हा आकडा उचलून वजा केला. याचा अर्थ अपूर्णांक तिला नीट कळलेले आहेत, अक्षर अजून अंगी लागलेलं नाही. ते शिकवण्यासाठीच तर हा विषय असतो, त्याकरिता तिला अडवू नये. अपूर्णांकच कच्चे असते तर मी एक वर्ष थांबा म्हटलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाला "प्रिंटिंग मिस्टेक" म्हणणारी मुलगी दोन्ही बाजू वाचते तरी. आकडे घालून बघायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुष्कळ मुलं तिथे डोळे मिटून काहीतरी इकडचं तिकडे नेतात आणि ० = ० आलं की "क्ष = ०" लिहून मोकळी होतात.

आणि तो ब्रश. प्रश्न डोक्यात घेऊन ती दात घासायला गेली. हे मी पर्सेंटाइलपेक्षा वर धरते.

खोडरबराचं मात्र बघा. घरात खोडायचं नाही असा नियम करा. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवीन लिहायचं. जुनं दिसत राहिलं पाहिजे. माझ्या वर्गात मी खोडरबर आणूच द्यायची नाही, पालक तक्रार करायचे वह्या घाण दिसतात म्हणून. दिसू देत.

पावशेर

बघा, बाईंनीही हिरवा कंदील दिला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आडवाटेने

पावशेर, बाईंनी "अडवू नये" म्हटलंय, "ढकला" नाही.

मी एक भर घालते. मला वाटलं होतं खोडून भोक पाडणाऱ्या मुलीला सोप्या वर्गात ठेवा असं इथे कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. माझा अनुभव उलटा आहे. अशी मुलं सोप्या वर्गात सुधारत नाहीत. तिथे त्यांचं चुकतच नाही, मग चुकायची सवय लागणार कधी? ती सातवीत नाही तर दहावीत रडतात, आणि दहावीतलं रडणं फार मोठं असतं. फक्त अवघड वर्गात टाकायचं तर पहिल्या सी-बीला घरातून काय प्रतिक्रिया येणार, हे आई-बापांनी आधी आपसात ठरवलेलं असावं. वर्गात मी बघते ना, पेपर हातात पडला की काही मुलं आधी चूक कुठे झाली ते बघतात आणि काही घरी काय सांगायचं याचा विचार करतात. दुसऱ्या गटातली मुलं हुशार असली तरी मी त्यांना एक वर्ष थांबवेन.

उन्हाळ्यात अल्जिब्राचा क्लास लावू नका. लावायचंच तर अपूर्णांक आणि ऋण संख्यांचा सराव करून घ्या. अर्धं पुस्तक आधीच शिकून आलेलं मूल ऑक्टोबरपर्यंत कंटाळतं, लक्ष देईनासं होतं, आणि नेमकं तेव्हाच न शिकलेलं सुरू होतं. दरवर्षी हेच.

भरतीओहोटी

मी इथेच वाढलो, मराठी जरा सांभाळून घ्या. मी सातवीत अल्जिब्रा केलेला "तो मुलगा" आहे. आता नोकरी करतो. ग्रेड्स छान होत्या, नुकसान काही झालं नाही. पण अकरावीत आमच्या शाळेतलं गणित संपलं. बारावीत कम्युनिटी कॉलेजला जायचो, बाबा ड्राइव्ह करायचे. तिथे पहिल्यांदा "सिद्ध करा" असा प्रश्न आला आणि मला काहीच लिहिता आलं नाही. इतकी वर्षं मी फक्त पुढचा कोर्स, पुढचा कोर्स करत होतो.

मला खरं गणित भेटलं ते शाळेच्या मॅथ क्लबमध्ये. मॅथकाउंट्स, एएमसी ८ अशा गणिताच्या स्पर्धा. एएमसीला ४० मिनिटांत २५ प्रश्न असतात आणि शेवटचे पाच सोडवायला आठवीच्या पुढचं काहीच लागत नाही, तरी ते सुटत नाहीत. ती मजा मला अल्जिब्रा टूमध्ये कधी आली नाही. तुमच्या मुलीला तो −म चा प्रश्न आवडला असेल तर क्लबमध्ये घाला, कुठलाही वर्ग घेतला तरी.

खडूस_काका

हे पोरगं चांगलं लिहितं हो मराठी.

आमच्याकडे भानगड वेगळी. सीबीएसईला २०२० पासून दहावीला गणिताचे दोन पेपर, बेसिक आणि स्टँडर्ड, त्यातला एक निवडायचा. भाचीला बेसिक झेपलं असतं, तिला पुढे चित्रकलाच करायची होती. पण "बेसिक" हा शब्द बहिणीच्या घशाखाली उतरेना, लोक काय म्हणतील. पोरीने स्टँडर्ड देऊन वर्षभर रोज रात्री जेवणाच्या ताटावर रडून घेतलं. नावं ठेवणाऱ्यांनी वर्गांची नावं जरा बेताने ठेवली असती तर अर्धे धागे निघालेच नसते.

सोनटक्का

गवतीचहा, शेवटी काय केलंत? शुक्रवार उलटला. आणि तिला स्वतःला विचारलंत का परत?

गवतीचहा

कळवायचं राहिलंच. विचारलं, पण आधी चुकीच्या पद्धतीने विचारत होतो असं आडवाटेने ताईंच्या पोस्टनंतर नवराच म्हणाला. "तुला जमेल का?" विचारलं की ती खांदे उडवणारच. या वेळी लायब्ररीतून अल्जिब्राचं पुस्तक आणून नुसतं टेबलावर ठेवलं. तिने दोन दिवस चाळलं. मग म्हणाली, घेते, पण अटी आहेत. बाबांनी शिकवायचं नाही. अडलं तर ती आधी शाळेतल्या बाईंना विचारणार, मग मला, बाबांना सगळ्यात शेवटी. आणि ग्रेडचं ॲप मी आणि बाबांनी फोनवरून काढून टाकायचं.

ही शेवटची अट नवऱ्याला जड गेली. तो दिवसातून तीनदा ते ॲप उघडतो. चेहरा पाडून काढलं एकदाचं.

कौन्सेलरला ताईंनी सांगितलेले दोन्ही प्रश्न ईमेलवर विचारले. आमच्या शाळेपुरतं उत्तर असं की पहिल्या काही आठवड्यांत झेपत नाही वाटलं तर शिक्षकांशी बोलून मॅथ ७ ऑनर्सला हलता येतं, आणि तेवढ्यात हललं तर ट्रान्स्क्रिप्टवर काही चढत नाही. नेमकी तारीख ऑगस्टमध्ये कळवणार आहेत. ट्रान्स्क्रिप्टवरून कोर्स काढायचा अर्जही त्यांनीच जोडून पाठवला, न मागता. बहुतेक आम्ही पहिले नसणार.

तर फॉर्मवर "हो" ची खूण करून दिलाय. मे महिन्यातल्या एसओएलला ५०० आले नाहीत तर प्रश्नच मिटला, आणि मला त्याचंही आता काही वाटत नाहीये. मॅथ क्लबचं नाव मात्र घातलंय, ते दोन्हीकडे चालतं.

सोनटक्का, तुमच्याकडे पुढच्या वर्षी पत्र येईल तेव्हा एवढंच करा, की त्या आठवड्यात पार्किंगमध्ये गाडीतून उतरू नका.

पावशेर

ॲप काढायला लावणारी अट जरा अति वाटते. मग पालकांना कळणार कसं?

आडवाटेने

तिला विचारून.

खडूस_काका

पाटीपेन्सिल बाई, तिसऱ्या प्रश्नातलं दुसरं समीकरण मीही सोडवून पाहिलं. ४ = ७ येतंय. काय लिहायचं उत्तर?

पाटीपेन्सिल

काका, तेच लिहायचं, की असा क्ष नाही. आणि आता पहिल्याचं उत्तर द्या, खोडायचं नाही.